सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) किती वाढलाय हे ठरवताना या चुका टाळा, आमच्याकडून झाल्यात

अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं बिडी ओढलेला माणूस. पंचवटीत राहतो आम्ही. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, काका चालताना दम लागतो का, तर अण्णा म्हणाले नाही हो, तसं काही नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते, कारण दम लागेल इतकं ते चालतच नव्हते. आधी रोज रामकुंडापर्यंत पायी जायचे, मग रिक्षाने, मग जाणंच बंद. बाजारात दर वीस-पंचवीस पावलांवर थांबून मेथीची जुडी कितीला म्हणून विचारायचे, घ्यायची नसायची. ते श्वास घ्यायला थांबतात हे मला फार उशिरा कळलं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, दमाचं उत्तर नुसतं हो-नाहीत देणं. डॉक्टर दम ० ते ४ असा मोजतात. नुसती घाई केली की किंवा चढावर दम लागतो तो १, बरोबरीच्या वयाच्या लोकांच्या मागे पडतो किंवा आपल्याच चालीने सपाट रस्त्यावर थांबावं लागतं तो २, शंभर मीटरवर थांबतो तो ३ आणि कपडे बदलतानाही धाप लागते तो ४. म्हणून पेशंटने काय काय करणं सोडलंय ते सांगा, आणि सोबत घरातलं रोज बघणारं माणूस न्या. कॅट नावाचा आठ प्रश्नांचा फॉर्म देतात, ४० पैकी मार्क, १० किंवा जास्त आले की त्रास जास्त धरतात. तोही घाईत टिक करून देऊ नका.

दुसरं, रिपोर्टमधला एक आकडा धरून घाबरणं. फुंकायच्या टेस्टमध्ये म्हणजे स्पायरोमेट्रीत औषधाचे पफ देऊन १०-१५ मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आणि बघायचे आकडे हे नंतरचे. आधी एफईव्ही वन (पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकून टाकलेली एकूण हवा) यांचं प्रमाण ०.७० च्या खाली आहे का बघतात, असेल तर मग एफईव्ही वनचे टक्के: ८० किंवा जास्त सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ गंभीर, ३० च्या खाली अतिगंभीर. आम्ही ४६ टक्के वाचून अर्धं फुफ्फुस गेलं म्हणून रात्रभर जागलो. तसं नसतं. त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाने पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकली असती त्याच्या ते ४६ टक्के.

टेस्टच नीट झाली नसेल तर आकडाही चुकतो. पोटभर जेवून जाऊ नका, त्याआधी बिडी नको, कोणता पंप (इनहेलर) किती तास आधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर टेस्टच्या आधीच सांगा. आणि खोकला-कफ वाढलेला असताना केलेल्या टेस्टवर स्टेज ठरवू नये, बरं वाटल्यावर करायची.

आता जे बहुतेक घरं सांगतच नाहीत ते. वर्षभरात किती वेळा त्रास उसळला, म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, किती वेळा अॅडमिट केलं. एकदा जरी अॅडमिट झाले असतील तरी पेशंट जास्त धोक्याच्या गटात जातो आणि औषधं बदलतात, टक्के चांगले असले तरी. आम्ही आता कॅलेंडरवर तारखेला गोल करतो.

एक्स-रे क्लिअर आला म्हणून निवांत राहू नका, सीओपीडीत तो नॉर्मलही येऊ शकतो.

ऑक्सिमीटरचाही आकडा चुकू शकतो. नाशिकच्या थंडीत सकाळी बोटं गार पडलेली असतात, रीडिंग कमी दाखवतं. हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, पाच मिनिटं बसून मग लावा. तरीही ८८ किंवा खाली येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि ओठ निळे पडले किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं तर फोनही नको, सरळ दवाखाना.