ड्रोन पाडण्याआधी तो दिसावा लागतो: नागपुरातून ड्रोनविरोधी क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

२७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली, तेव्हा ड्रोनविरोधी यंत्रणा हा बहुतांशी लष्करी वर्तुळातला विषय होता. ८-९ मे २०२५ च्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं आणि हा विषय घराघरांत पोचला. नागपूरकरांना तर तो आणखी जवळचा झाला. चारच दिवसांनी, १३ मे रोजी, ओडिशातल्या गोपाळपूरला ‘भार्गवास्त्र’ या ड्रोनविरोधी यंत्रणेची सूक्ष्म रॉकेटं यशस्वीपणे डागली गेली, आणि ते बनवणारी सोलर डिफेन्स अँड एअरोस्पेस ही आपल्या नागपूरच्या सोलर समूहातली कंपनी. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या मुलांचा एकच प्रश्न असतो: जॅमर (ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारं यंत्र) बनवायला कुठे शिकायला मिळेल?

सुरुवात तिथून करू नका. एक कारण कायद्याचं आहे, ते पुढे येईलच. दुसरं कारण कामाचं. या यंत्रणेत पाडणं ही शेवटची पायरी. त्याआधी ड्रोन सापडावा लागतो, त्याचा माग धरावा लागतो, तो ड्रोनच आहे आणि आपला नाही हे ठरवावं लागतं, मग अधिकाऱ्याने हुकूम द्यायचा. ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने येणारा ड्रोन ३ किलोमीटरवर दिसला, तर हे सगळं उरकायला २०० सेकंद मिळतात. दुप्पट वेगाचा एफपीव्ही (कॅमेऱ्यातून बघत उडवला जाणारा ड्रोन) असेल तर १००. यातला बराच वेळ शोध आणि ओळख यांतच जातो, आणि नव्या माणसाला शिकायला आणि कामाला सर्वांत जास्त जागाही तिथेच आहे.

आधी रडार. छोट्या क्वाडकॉप्टरचा, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनचा, रडार क्रॉस सेक्शन (रडारला तो किती मोठा दिसतो त्याचं माप) साधारण ०.०१ चौरस मीटर धरतात. रडारचा पल्ला या आकड्याच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १ चौरस मीटरचं लक्ष्य १० किलोमीटरवर पकडणारं रडार हा ड्रोन फार तर ३.२ किलोमीटरवर पकडेल. माहितीपत्रकात नुसता ‘पल्ला १० किमी’ छापलेला दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणत्या आकाराच्या लक्ष्यासाठी? मुलाखतीत हे गणित तोंडी करता आलं, तर समोरचा माणूस सावरून बसतो.

पुढची अडचण पक्ष्यांची. घारीचा आकार आणि वेग रडारला ड्रोनसारखाच वाटतो. भांडेवाडीच्या कचराडेपोवर दुपारी घिरट्या घालणाऱ्या घारी पाहिल्या की हे चटकन कळतं. फरक पंख्यांत असतो. १० गिगाहर्ट्झवर वेव्हलेंथ ३ सेंटिमीटर असते, म्हणून १५ मीटर प्रतिसेकंद वेगाचा ड्रोन १ किलोहर्ट्झ डॉप्लर (वेगामुळे परत येणाऱ्या लहरीच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) देतो. त्याच्या ९ इंची पात्याचं टोक मात्र ६००० आरपीएमला सुमारे ७२ मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरतं आणि मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना ४.८ किलोहर्ट्झपर्यंत पसारा उमटवतं. घार पंख हलवते ते सेकंदाला मोजके वेळा. हा पसारा नीट दिसायचा तर रडारचा पल्स दर (सेकंदाला किती पल्स सोडले ते) ९.६ किलोहर्ट्झच्या वर हवा. तो कमी ठेवला तर पात्यांचा पसारा दुमडून स्वतःवरच पडतो आणि प्रोग्राम बिचारा घारीलाच ड्रोन म्हणत राहतो. पायथॉनमध्ये फिरणाऱ्या पात्याचा एवढा एक नमुना स्वतः लिहून, त्याचा स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी कशी बदलते त्याचं चित्र) काढून पाहिला, तर महिनाभराच्या वाचनाचं काम होतं. त्याला खर्च शून्य.

रेडिओचा भाग हात घालून शिकता येतो, आणि बहुतेकांचा पहिला पैसा तिथेच वाया जातो. स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगल (एसडीआर म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) साधारण २४ मेगाहर्ट्झ ते १.७ गिगाहर्ट्झ एवढंच ऐकतो. ड्रोनचं नियंत्रण आणि व्हिडिओ मुख्यतः २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर असतात, म्हणजे हे डोंगल तिथे ठार बहिरं. ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झच्या टेलिमेट्रीच्या (ड्रोन स्वतःच्या स्थितीची जी माहिती पाठवतो तिच्या) सरावाला ते चालतं, पुढे नाही. हॅकआरएफ हा दुसरा एसडीआर १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ ऐकतो, पण एका वेळी २० मेगाहर्ट्झचीच खिडकी उघडतो. २.४ चा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारणारा नियंत्रण सिग्नल तुमच्या खिडकीबाहेरच जास्त वेळ असतो, म्हणून ‘सिग्नल मध्येच गायब होतो’ या तक्रारीत बिघाड कसलाच नसतो. शिवाय सेकंदाला २ कोटी नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे मिनिटाला २.४ जीबी. लॅपटॉपची डिस्क भरायच्या आत काय टिपायचं ते ठरवून घ्या. पैसे जपून वापरायचे असतील तर दोन-तीन जणांत मिळून एकच चांगला रिसीव्हर घेणं शहाणपणाचं.

बर्डीच्या बाजारात अँटेना घेताना कनेक्टरचं टोक डोळ्यांसमोर धरून बघा. वाय-फायच्या अँटेनाला बहुधा आरपी-एसएमए कनेक्टर असतो, एसडीआरला साधा एसएमए. आटे एकमेकांत बसतात, घट्ट पिळलेही जातात, पण एका जोडीत मधली पिनच नसते: भोकासमोर भोक येतं. सिग्नल पूर्ण मरत नाही, वीस-पंचवीस डेसिबलने खाली येतो, आणि मुलं आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात. केबलचंही तसंच. आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. गच्चीवरून खोलीत १० मीटर आणली की दहातला एक भाग उरला. कमी नॉईजचा अ‍ॅम्प्लिफायर अँटेनापाशीच बसवावा लागतो. केबलच्या खालच्या टोकाला बसवला तर सिग्नलबरोबर नॉईजही तेवढाच मोठा होतो, हरवलेलं काही परत येत नाही. अँटेना तपासायला नॅनोव्हीएनए घेत असाल तर त्याची कमाल फ्रिक्वेन्सी आधी वाचा. मूळ स्वस्त मॉडेल २.४ पर्यंत पोचत नाही.

रिमोट थेट केबलने रिसीव्हरला जोडून प्रयोग करायचा मोह होतो. हॅकआरएफला उणे ५ डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) वर सिग्नल दिला की त्याचा पुढचा अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो, आणि रिमोट २० ते २६ डीबीएम सोडतो. मध्ये ६० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) असल्याशिवाय जोडणी करायची नाही.

आता कायदा. भारतात खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला जॅमर विकत घेणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. सरकारी परवानगी काही ठरावीक यंत्रणांनाच मिळते. जीपीएसचा खोटा सिग्नल हवेत सोडणं हा तर विमानांच्या जिवाशी खेळ आहे, आणि सोनेगावचा विमानतळ शहराला चिकटून आहे. कॉलेजचा प्रकल्प म्हणूनही हे करू नका. ऐकायचा सराव आयुष्यभर पुरेल एवढा आहे. ड्रोन उडवून माहिती गोळा करायची असेल तर ड्रोन नियम २०२१ वाचा आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी सकाळी उघडून पाहा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारा, विभाग २०० फुटांपर्यंतच असतो. त्याच्या आत परवानगीशिवाय काही नाही. हिंगण्यापलीकडे किंवा काटोल रस्त्याने दूर मोकळं रान गाठलंत तरी नकाशा बघणं सुटत नाही.

नुसत्या रेडिओवर विसंबून चालत नाही, हे युक्रेनच्या युद्धाने दाखवून दिलं. तिथे ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले. ते हवेत काहीच बोलत नाहीत, तेव्हा ऐकायला काही नाही आणि जॅम करायलाही काही नाही. म्हणून कॅमेऱ्याचं गणित यायलाच हवं. ३० सेंटिमीटरचा ड्रोन, अंतर १ किलोमीटर, कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचा. भिंग ६० अंशांचं असेल तर ड्रोन अर्ध्या पिक्सेलचा, म्हणजे नाहीच. १ अंशाचं असेल तर ३३ पिक्सेलचा, म्हणजे ओळख पटण्याजोगा. पण १ अंशाच्या झरोक्यातून आकाश शोधत बसता येत नाही. कुठे बघायचं ते रडारनेच सांगावं लागतं. आणि नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या दुपारी, तापलेल्या जमिनीवरची हवा असं काही थरथरते की ते ३३ पिक्सेलही विरघळतात. थर्मल कॅमेऱ्यालाही तापलेल्या पार्श्वभूमीवर ड्रोन वेगळा काढणं जड जातं. इथल्या मुलांना हा त्रास फुकटात उपलब्ध आहे. दुपारी बारा, चार आणि रात्री नऊला एकाच टॉवरचं चित्रण करून तुलना मांडा. असा अहवाल थंड गावातल्या प्रयोगशाळेतून येत नाही.

रडार आणि कॅमेरा जोडण्याच्या या कामाला इंटिग्रेशन म्हणतात. या क्षेत्रात सर्वांत जास्त माणसं लागतात ती इथे, आणि अभ्यासक्रमात याचा उल्लेखही नसतो. उत्तर दिशा १ अंशाने चुकली तर ३ किलोमीटरवर ५२ मीटरचा फरक पडतो. होकायंत्र लोखंडी मनोऱ्याजवळ ठेवलं की एवढी चूक सहज होते. उपाय साधा: दूरच्या एखाद्या टॉवरचे अक्षांश-रेखांश नेमके घ्यायचे, आपल्या जागेचे घ्यायचे, दिशा काढायची आणि रडार-कॅमेरा दोन्ही त्यावर जुळवायचे. दुसरी चूक वेळेची. रडारची माहिती अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचली आणि ड्रोन २० मीटर प्रतिसेकंदाने आडवा जात असेल, तर तो १० मीटर पुढे सरकलेला असतो. १ किलोमीटरवर १ अंशाच्या चौकटीची अर्धी रुंदी ८.७ मीटर. कॅमेरा रिकामं आकाश दाखवतो आणि ऑपरेटर रडारला दोष देतो. प्रत्येक नोंदीवर ती पोचल्याची नव्हे, मोजल्याची वेळ लिहायची आणि कॅमेऱ्याला पुढचा अंदाज काढून द्यायचा. कॅलमन फिल्टर (मागच्या नोंदींवरून पुढची जागा सांगणारं गणित) इथेच उपयोगी पडतो, आणि इथेच तो खऱ्या अर्थाने कळतो.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. व्हीएनआयटी किंवा ट्रिपलआयटी नागपूरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स करत असाल तर सिग्नल प्रोसेसिंग, प्रोबॅबिलिटी आणि अँटेना हे तीन विषय काठावर पास होण्यापुरते शिकू नका. बाकीच्या कॉलेजांतल्यांनी प्रयोगशाळेची वाट न पाहता जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर मोफत उतरवून घ्यावं. संशोधनात जायचं असेल तर डीआरडीओच्या वैज्ञानिक भरतीसाठी गेट परीक्षेचे गुण उपयोगी पडतात. त्यांच्या प्रयोगशाळांपैकी रडारचं काम बंगळुरूच्या एलआरडीईत, लेझरचं हैदराबादच्या चेसमध्ये, दृष्टियंत्रांचं डेहराडूनच्या आयआरडीईत चालतं. म्हणजे सेन्सरच्या कामासाठी बहुधा गाव सोडावं लागेल, हे घरी आधीच सांगून ठेवा. नागपूरचं बळ दारूगोळा, रॉकेटं आणि धातुकाम यांत आहे. यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचं मुख्यालय अंबाझरीला आहे, हिंगणा आणि बुटीबोरीत यंत्रकाम करणारे कारखाने आहेत. भार्गवास्त्राच्या पहिल्या थरातलं सूक्ष्म रॉकेट अनियंत्रित आहे, २० मीटर त्रिज्येत मारा करतं आणि अडीच किलोमीटरपर्यंत जातं. अशा वस्तूला नळी, फ्यूज, लाँचर, फिरता मंच सगळं लागतं. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांना इथे खरी जागा आहे. मेकॅनिकलच्या मुलांनी गिअरमधला ढिलेपणा मोजायला शिकावं. फिरत्या मंचात अर्ध्या अंशाचा खेळ असेल तर वरचा कितीही महाग कॅमेरा निरुपयोगी.

बाजार वाढतो आहे, पण गिऱ्हाईक मुख्यतः सरकार आहे आणि खरेदी चाचणीतून होते. ही चाचणी बहुतेक वेळा कंपनीच्या खर्चाने, खरेदीची हमी न देता घेतली जाते. यंत्रणा वाळवंटात किंवा डोंगरात न्यायची, लष्कराने आपले ड्रोन उडवायचे, तुम्ही ते शोधायचे. तिथे अल्गोरिदमपेक्षा जनरेटरचा हेलकावणारा व्होल्टेज, पाणी शिरलेला कनेक्टर आणि उन्हात काळा पडलेला डिस्प्ले यांनी जास्त कंपन्या परत पाठवल्या आहेत. त्यामुळे जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाखालच्या उष्णता, धूळ, कंपन, पाऊस या चाचण्यांची आणि मिल-स्टँडर्ड ४६१ ची (एका यंत्राचा दुसऱ्याला विद्युतचुंबकीय त्रास होतो का ते पाहणारं मानक) ओळख असलेला माणूस हवाच असतो, आणि असे फारच थोडे सापडतात. चिनी सुट्या भागांबद्दलची तपासणी आता कडक आहे. कोणता चिप कुठून आला याची यादी ठेवणं हेही पूर्ण वेळेचं काम झालंय. स्वतःचं काही उभं करायचं असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या स्टार्टअपसाठीच्या आयडेक्स योजनेत साधारणपणे दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण तेवढाच वाटा तुम्हाला उभारावा लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावर मिळतात. एखाद-दोन वर्षं आधी नोकरी करून मग त्यात उतरलेलं बरं.

पहिला प्रकल्प कोणता घ्यावा? वाय-फाय, ब्लूटूथ आणि ड्रोनचा रिमोट यांचे सिग्नल टिपून वेगळे ओळखणारा प्रोग्राम. इथे सगळे एकाच ठिकाणी फसतात. एकाच दिवशी, एकाच खोलीत टिपलेल्या फाइलचे तुकडे करतात, काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवतात, आणि ९८ टक्के अचूकता आली म्हणून खूश होतात. प्रोग्रामने ड्रोन शिकलेलाच नसतो, ती खोली शिकलेली असते. शिकवायला धरमपेठेतली माहिती, तपासायला दुसऱ्या दिवशीची इतवारीतली, असं ठेवा. आकडा ७० वर घसरेल, तो लपवू नका. मग खोट्या इशाऱ्यांचा हिशेब करा. दर सेकंदाला एक निर्णय म्हणजे दिवसाला ८६,४००. हजारात एक चुकला तरी दिवसाला ८६ खोटे इशारे. तिसऱ्या दिवशी पहारेकरी भोंगा बंद करून ठेवतो, मग खरा ड्रोन आला तरी कुणाला कळत नाही. मुलाखतीला जाताना हा घसरलेला आकडा, तो का घसरला याचं एक पान आणि दिवसाचे इशारे ८६ वरून किती खाली आणले याची नोंद घेऊन जा.