पळणारी, गुणगुणणारी, ओढता येणारी: घरातल्या सामानाची खेळणी

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते. मशीन दाराशीच आहे, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना आत यायला आमंत्रण लागत नाही. रिकामी रिळं, जोडी हरवलेली बटणं, अस्तराच्या चिंध्या त्यांना मशीनखाली फुकट मिळतात. आषाढात पावसानं बाहेरचं खेळणं बंद झालं की सुरू होतं, "मावशी, आज काय करायचं ओ?"

माझा नियम एकच. करून झाल्यावर जिच्याशी खेळता येत नाही, ती वस्तू करायची नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचा फोटोफ्रेम आईला एकदा दाखवला की संपला, पुढं तो कपाटावर धूळ खात बसतो. पळणारी गाडी मात्र पोरं रात्री उशाशी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बिघडली म्हणून दुरुस्त करायला परत येतात. ती दुरुस्तीच मला जास्त महत्त्वाची वाटते.

आधी खळ. बाजारच्या गोंदाच्या बाटलीपेक्षा ही स्वस्त, आणि तोंडात गेली तरी घाबरायला नको. अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवा, एकही गुठळी ठेवू नका. दुसऱ्या भांड्यात दीड वाटी पाण्याला उकळी आली की हे त्यात ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन चकाकी आली की उतरवा. गार पाण्यात कालवलेला मैदा नीट चिकटत नाही, कारण पिठातला स्टार्च उष्णतेनंच फुगतो आणि तेव्हाच त्याला चिकटपणा येतो. पुस्तकं बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. घरात पोरं असताना ते अजिबात नको, ते विष आहे. चिमूटभर तुरटी पुरते. तरी पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खळीला वास येतोच, म्हणून थोडीच करावी.

आता रिळाची गाडी. दोन्ही टोकांना चकत्या असलेलं रीळ मिळालं तर उत्तम. हल्ली बरीचशी रिळं सरळ नळीसारखी येतात. तसं असेल तर पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं घ्या, गरम दाभणानं मधोमध भोक पाडा (हे काम मोठ्यांचं) आणि नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीनं घट्ट बसवा. बसवताना झाकणं मध्यावर आली पाहिजेत, नाहीतर गाडी लंगडते.

रिळाच्या लांबीएवढं रबरबँड घेऊन आकड्यानं भोकातून पलीकडं ओढून घ्या. एका बाजूला त्याच्या फासात काडेपेटीच्या काडीचा छोटा तुकडा अडकवा आणि तो चिकटपट्टीनं झाकणालाच चिकटवून टाका, फिरता कामा नये. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची अर्ध्या बोटाएवढ्या जाडीची चकती लागते. तिची वात काढली की भोक आपोआप तयार होतं. रबर त्यातून बाहेर काढा आणि फासात खराट्याची जाड काडी घाला. या काडीचं एक टोक चाकाच्या बरंच बाहेर आलं पाहिजे, म्हणजे ते जमिनीला टेकतं. काडीला वीस-पंचवीस पीळ द्या आणि गाडी खाली ठेवा. रबर पीळ सोडू बघतं. काडी जमिनीला अडलेली असते, ती फिरू शकत नाही, म्हणून रीळच फिरतं आणि गाडी पुढं जाते.

मेणाची चकती कशाला, असं पोरं हमखास विचारतात. मी म्हणते, एकदा काढून बघा की. ती नसली तर काडी झाकणाला घासते, पीळ अडकून बसतो आणि मग एकदम सुटतो. मेण गुळगुळीत असल्यामुळं पीळ सावकाश उतरतो. कपड्याच्या साबणाचा तुकडाही चालतो. गाडी फरशीवर जागच्या जागी फिरत असेल तर चाकांवर एकेक रबरबँड चढवा, पकड येते. मग दारातला उंबरा कुणाची चढते याच्या पैजा लागतात, आणि दीड-दोन तास मला निवांत हातशिलाई करता येते.

भिंगरीला त्याहून कमी सामान. कोटाचं मोठं बटण आणि हातभर लांब दुहेरी होईल एवढा दोरा. मशीनचा धागा लगेच तुटतो, गादी शिवायचा घ्या. चार भोकांचं बटण असेल तर समोरासमोरच्या, तिरप्या दोन भोकांतून दोरा ओवून टोकांना गाठ मारा. बटण मधोमध आणा, दोन्ही फासांत बोटं घाला, गरगर फिरवून पीळ द्या आणि ओढा. ओढल्यावर लगेच सैल सोडायचं, मग पुन्हा ओढायचं. लय सापडली की बटण गुणगुणायला लागतं. लहान पोरं सोडायचं विसरतात, तेवढं त्यांचा हात धरून एकदा दाखवावं लागतं.

आपल्याकडं कैक पिढ्या खेळत आलेल्या या भिंगरीवरून स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासायचं कागदी यंत्र बनवलं. २०१७ साली त्यांनी ते जाहीर केलं. कागदाच्या चकतीत रक्ताची बारीक नळी ठेवून दोरा ओढायचा, मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग जातो आणि दीड मिनिटात रक्तातला द्रव वेगळा होतो. वीज नको, खर्च २० सेंट. हे सांगितलं की भिंगरी "बारक्यांची" म्हणून नाक मुरडणारे सहावी-सातवीतलेही दोरा मागतात.

बटणाऐवजी पुठ्ठ्याची वाटीएवढी चकती कापली तर रंगाचीही गंमत करता येते. चकती अर्धी हळदीनं आणि अर्धी निळीनं रंगवा. हळद आणि नीळ एकत्र कालवली तर हिरवट रंग होतो. पण चकती जोरात फिरवा, हिरवा कुठंच दिसत नाही, राखाडीकडं झुकणारा मळकट रंग दिसतो. रंग तिथं मिसळतच नाहीत, मिसळतो तो डोळ्यांत पोचणारा उजेड.

हळद काढलीच आहे तर आणखी एक. चमचाभर हळद थोड्या कोमट पाण्यात कालवून वहीच्या कोऱ्या कागदावर फासा आणि पंख्याखाली वाळू द्या. मग कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, कपड्याच्या साबणाच्या दाट पाण्यात बुडवून कागदावर काढा. रेघ तांबडी उमटते. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तोच हा प्रकार. वर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळं. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती तांबडी होते आणि आंबट लागलं की परत मूळ रंगावर येते. हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणावर. पोरं एकमेकांना गुप्त चिठ्ठ्या पाठवतात, त्यातल्या निम्म्या माझ्याबद्दलच्या असतात.

आणि बेंदूर. बाकी महाराष्ट्रात श्रावणाच्या अमावास्येला पोळा, पण आमच्याकडं आषाढातच बैल पुजतात. मातीची जोडी कुंभार गल्लीतून आणतातच, ती आणावीच, कुंभाराच्या पोटावर पाय द्यायला मी सांगणार नाही. पोरांसाठी मात्र वेगळा, चाकं लावलेला लगद्याचा बैल करा.

वर्तमानपत्राचे तुकडे हातानं फाडा, कात्रीनं कापलेला कागद लवकर गळत नाही. रात्रभर भिजवून, पिळून, थोड्या पाण्यासोबत मिक्सरमधून काढा. दोन चमचे मेथ्या त्याच रात्री वेगळ्या भिजवून वाटून घाला. जुन्या बायका टोपल्या लिंपायच्या लगद्यात हीच मेथी घालायच्या, बुळबुळीतपणानं लगदा धरून राहतो आणि कडूपणानं किडे लांब राहतात. वर चार-पाच चमचे खळ घालून कणकेसारखं मळा.

सगळा बैल लगद्याचा भरीव करू नका, आपल्या पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही, बुरशी धरतो. आधी कोरड्या कागदाचा बोळा दोऱ्यानं आवळून अंग करा, वशिंड त्यातच बांधा, पायाला खराट्याच्या काड्या खोचा. त्यावर लगद्याचा पातळ थर. तो पंख्याखाली वाळला की दुसरा. ऊन नसेल तर चार-पाच दिवस धरा, म्हणजे सणाच्या आठवडाभर आधी सुरुवात हवी. काहीजणी मैदा, मीठ आणि पाण्याची कणीक करून त्याचे बैल करतात. चैत्र-वैशाखात ते छान होतात. आषाढात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बैल गुडघ्यावर बसतो.

झूल जरीच्या काठाच्या तुकड्याची, शिंगांना नीळ. खाली पुठ्ठ्याची पट्टी आणि बाटलीच्या झाकणांची चार चाकं. आस खराट्याच्या काडीचा, पण तो पुठ्ठ्याला चिकटवायचा नाही. पुठ्ठ्याला पेनाची रिकामी नळी चिकटवा, आस त्या नळीत मोकळा राहू द्या आणि चाकं आसाला पक्की करा. बैल ओढताना चाकं नुसती फरफटत असतील तर नळीत खळ गेलेली असते. काडी काढून नळी सुईनं साफ केली की चालतो.

सुया आणि दाभण मी पोरांच्या हातात मोजून देते आणि मोजून परत घेते. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर बटणं उंच ठेवा. आणि पोरांना जमवायला एक बुटांचा खोका द्या: झाकणं, पुठ्ठे, रिळं, काडेपेट्या, नळ्या, लग्नपत्रिका. थर्माकोल त्यात येऊ देऊ नका. त्याचे दाणे महिनाभर केरसुणीला चिकटून घरभर फिरतात.