जर्मनीतल्या समर स्कूलला निघताना: पहिल्या तीन दिवसांची तयारी

समर स्कूल म्हणजे विद्यापीठातला उन्हाळी अभ्यासक्रम. तीन-चार आठवड्यांच्या अशा अभ्यासक्रमात रुळायला वेळच मिळत नाही. आठवड्याच्या शेवटी उतरायचं आणि सोमवारी वर्गात बसायचं, म्हणून पहिल्या तीन दिवसांतली निम्मी कामं परभणी-लातुरातूनच उरकून निघा.

सुरुवात नावापासून. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. विद्यापीठाचा फॉर्म, तिकीट, विमा आणि व्हिसा अर्ज, चारही ठिकाणी पासपोर्टवरचंच स्पेलिंग हवं. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर अर्जातही तेच लिहा. इतर कागदांवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव आलं असेल, तर दोन ओळींचा खुलासा जोडा.

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. तेवढं थांबू मात्र नका. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर गर्दी असते, विद्यापीठाचं प्रवेश मिळाल्याचं पत्र (प्रवेशपत्र) आलं की लगेच अपॉइंटमेंट घ्या. परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत असलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शेतकऱ्याच्या घरातला अर्ज अडतो तो बँक स्टेटमेंटवर. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आली, की ती दाखवण्यापुरती उसनी आणल्यासारखी दिसते. तूर-हरभरा विकल्याची आडत्याची पट्टी, सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा, म्हणजे पैसा कुठून आला ते कळतं.

बॅग भरताना घरच्यांना आधीच सांगून ठेवा: कुंथलगिरीचे पेढे, खवा, तूप यातलं काही नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. केसर आंब्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. येसर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, पण मोठ्या बॅगेत आणि दुहेरी पिशवीत. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत, 100 वॉट-अवरच्या आतली. फोनचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिथे बहुधा बसतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना अ‍ॅडाप्टर लागतोच. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि तिथे बसून कार्डाचा प्रश्न सोडवणं फार जड जातं. यूपीआयवर विसंबू नका. फॉरेक्स कार्डासोबत (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) 150-200 युरो लहान नोटांत ठेवा.

तिकिटावर 15 जून, 02:30 असेल तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्रीच पोहोचायचं. या तारखेच्या घोळात विमान चुकतं. पावसाळ्यात घाटात दरड पडली की गाड्या रखडतात, तेव्हा देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेस एक दिवस आधीची धरा.

उतरण्याआधी वसतिगृहाला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: किल्ली कोण देणार, किती वाजेपर्यंत, आणि चादर-उशी मिळते का. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद असलं तर किल्ली कुठे ठेवणार ते लेखी घ्या. शक्यतो गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी उतरा, कारण रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी. दूध, ब्रेड, तांदूळ शनिवारीच आणा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. खोलीचं दार ओढलं की बाहेरून उघडत नाही, म्हणून कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. सुट्टीच्या दिवशी कुलूपवाला बोलावणं खूप महाग पडतं. अनेक शहरांत कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट विनातिकीटच धरलं जातं आणि दंड 60 युरो. आणीबाणीचा क्रमांक 112.

सोमवारी पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याची प्रत न्या आणि किती उपस्थिती, कोणती परीक्षा यावर किती क्रेडिट मिळतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ते क्रेडिट इथे धरले जातील, असं आपल्या विभागप्रमुखांचं पत्र निघण्याआधीच घेतलेलं असावं. परतल्यावर मागायला गेलात तर तासांचा तपशील मागतात, म्हणून अभ्यासक्रमाचा सविस्तर आराखडाही तिथूनच शिक्क्यासह आणा.