ऑफिसच्या पीसीसाठी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेताय? या चुका टाळा

कोटेशनवर ‘आय५, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी’ एवढंच लिहिलं असेल, तर पैसे देऊ नका. इंटेलचा आय५-३४७० हाही आय५च, पण २०१२ सालचा, ४ कोअरचा. आय५-१२४०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. जुन्या आय५ला लागणारे एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड आजही कोऱ्या खोक्यात, वॉरंटीसकट मिळतात. त्यावर बसणारा प्रोसेसर मात्र कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेला असतो. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एवढंच काम असेल, तर असल्या आय५पेक्षा आय३-१२१०० केव्हाही बरा. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, तिन्हींचे पूर्ण मॉडेल नंबर कोटेशनवर लिहून घ्या. बिलावरही तेच नंबर आले पाहिजेत.

नंबरच्या शेवटचं अक्षरही वाचा. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त पडतो, कारण त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल, तर बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट नुसतं शोभेला. एएमडीत घोटाळा उलटा होतो: रायझन ५ ५६०० च्या मागे एफ नाही, तरी ग्राफिक्स नाही, ते हवं असेल तर ५६००जी. बरेच ‘खराब’ म्हणून परत आलेले बोर्ड या एका अक्षराचे बळी असतात.

बोर्ड घेताना नुसतं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, जुळवून भागत नाही. एलजीए१७०० या सॉकेटवर इंटेलची बारावी, तेरावी, चौदावी अशा तिन्ही पिढ्या बसतात. पण दुकानात पडून राहिलेल्या एच६१० किंवा बी६६० चिपसेटच्या बोर्डात जुनं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) असेल, तर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, समोर किमान बायोस व्हर्जन दिलेलं असतं. ते पाहून दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या. याच सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे येतात. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात. जोर लावाल तर स्लॉट मोडेल. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते.

एच६१० बोर्ड ऑफिसकामाला पुरतो. मात्र त्यावर डीडीआर४ ३६०० वेगाची महाग रॅम लावून फायदा नाही. ती ३२०० च्या वर जात नाही. आणि आय७-१२७०० टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, १८० वॉटपर्यंत खेचतो. स्वस्त एच६१० बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) बहुधा हीटसिंकही, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडाही, नसतो. लांब रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरचा वेग गडगडतो. व्हिडिओचं काम असेल तर बी७६० घ्या, तोही हीटसिंकवाला.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर ८ च्या दोन स्टिक, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि ड्युअल चॅनलचा (दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याचा) फरक लगेच दिसतो. नुसती टॅली असेल आणि बोर्डाला दोनच स्लॉट असतील, तर १६ ची एक स्टिक लावून एक स्लॉट मोकळा ठेवणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक सहसा ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरायचा मोह टाळा: रायझन ७००० मालिकेत चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो.

डिस्प्ले येत नसेल तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्याशी जुळवून घेणं, करतो आणि काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. याच वेळी घाईने स्विच बंद केला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दहा-पंधरा मिनिटांनीही काही नाही, तर प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर पाहा. २४ पिनची लावली की काम झालं असं वाटतं आणि ही राहून जाते. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटून राहिला असेल, तर पॉवर काढून एकच स्टिक ए२ मध्ये लावा. दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. रॅम जुनी असेल तर तिचे सोनेरी पट्टे मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, पण स्लॉटवर धरून नको. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवंच दुखणं. शेवटी बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

चालू मशीनचं बायोस अपडेट करण्याआधी किंवा बोर्ड बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. टीपीएममध्ये बदल दिसला की विंडोज ती मागतं, आणि त्या वेळी ती त्याच लॉक झालेल्या डिस्कवर असून उपयोग नसतो. विंडोजचं ओईएम (मशीनसोबत येणारं) लायसन्सही बोर्डाशीच बांधलेलं असतं, तेव्हा नव्या बोर्डाच्या खर्चात तेही धरा.