मिथेन उरतो, तरी जिवाणू उपाशी

मिथेनवर जिवाणू वाढतायत, पण पीएचबी, म्हणजे पेशीत साठणारं जैवप्लास्टिक, मिळत नाही? मग नवा स्ट्रेन मागवण्याआधी हे वाचा. माझे सात महिने यात गेले. ती वही उघडली की अजून पोटात खड्डा पडतो.

मिथायलोसायनस किंवा मिथायलोसिस्टिस हा मिथेन खाणारा जिवाणू आधी नायट्रेटवर, म्हणजे नायट्रोजन देऊन, वाढवायचा, मग नायट्रेट तोडायचं, म्हणजे कार्बन पीएचबीच्या कणांत साठतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मिथायलोकॉकस भराभर वाढतो म्हणून मोहात पडू नका, तो पीएचबी करत नाही.

माझं चुकलं ते बाटलीतल्या हवेत. द्रवावर 100 मिली जागा होती. त्यात अर्धा मिथेन, अर्धी हवा. ऐकायला समसमान वाटतं ना? पण हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, म्हणजे 50 मिली हवेत जेमतेम साडेदहा मिली. एक भाग मिथेन वापरायला साधारण दीड भाग ऑक्सिजन लागतो. म्हणजे सातेक मिली मिथेन संपेपर्यंत ऑक्सिजन खलास, आणि त्रेचाळीस मिली मिथेन तसाच पडून! मिथेन मोनोऑक्सिजनेज या मिथेन फोडणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन मिळाला नाही तर पहिली पायरीच होत नाही. साठवायला कार्बन येणार कुठून?

हे मला दिसलं नाही, कारण आमच्या जीसीला, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला, एफआयडी डिटेक्टर होता. त्याला मिथेन दिसतो, ऑक्सिजन दिसतच नाही. रोज मिथेन शिल्लक दिसे आणि मी ठरवे की जिवाणूंना भूक नाही, नायट्रेट अजून कमी करू. उपाशी जिवाणूंना मी आणखी उपाशी ठेवत होते. एका सिनियरने टीसीडी या ऑक्सिजनही दाखवणाऱ्या डिटेक्टरवर नमुना लावून दिला, तेव्हा कळलं. तो माझ्या ग्राफवर काही बोलला नाही, फक्त कच्चे आकडे मागितले. असा माणूस मिळाला तर सोडू नका. ‘किती टक्के आलं?’ एवढंच विचारणारा गाइड कितीही मोठा असो, अशा वेळी उपयोगाचा नाही.

आता मी मिथेनचा वाटा कमी ठेवते आणि वरचा वायू रोज बदलते, तोही वायू बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडमध्येच. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असेल तर ठिणगी पुरते, आणि वायू बदलताना मिश्रण याच टप्प्यातून जाऊ शकतं. वेळ वाचवायला सिरिंजने शुद्ध ऑक्सिजन टोचायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ही मर्यादा फार रुंदावते.

नाइल रेड या रंगाने चमकणाऱ्या कणांची चित्रं बघून पीएचबीचे टक्के सांगू नका. मिथेनॉलिसिस करून, म्हणजे पीएचबी मिथेनॉलने तोडून, जीसीवर मोजा. वेळखाऊ आहे, पण आकडा तिथेच मिळतो.

आणि घाबरू नका. हे जिवाणू हळूहळू वाढतात, ओडी (द्रवाच्या गढूळपणावरून वाढीचं माप) दोन दिवस हलला नाही म्हणून कल्चर मेलं असं नसतं. माझं पहिलं चांगलं पीएचबी त्याच कल्चरमधून आलं, जे मी दोनदा टाकून द्यायला निघाले होते.