टाकाऊतून खेळणी करताय? या चुका टाळा

रिकामी खोकी, बाटल्यांची झाकणं, जुने मोजे घेऊन मुलांसोबत बसलेल्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चिकटत नाही, टिकत नाही.

दोष सामानाचा नसतो. सगळ्याला एकच डिंक लावलेला असतो. पांढरा फेव्हिकॉल हा पाण्यातला डिंक. त्यातलं पाणी पुठ्ठ्यात मुरलं किंवा उडून गेलं, की तो धरतो. प्लॅस्टिकमध्ये पाणी मुरत नाही. दोन झाकणांच्या मधला डिंक दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो, आणि सुकला तरी पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग लोक आणखी डिंक ओततात. ही चूक मीही केली आहे. चार वर्षांच्या भाचीसाठी खोक्यांची आगगाडी केली, झाकणांची चाकं भरपूर डिंक लावून बसवली. ती सारखी "झाली का?" विचारत होती, म्हणून अर्ध्या तासात गाडी तिच्या हातात दिली. पहिल्याच ढकलण्यात दोन चाकं निसटली, तिसरं फरशीला चिकटून राहिलं. पोर रडत रडत झोपली. ते अजून मला लागतं.

दुसऱ्या दिवशी डिंक बाजूला ठेवला. डब्याखाली स्ट्रॉचे दोन तुकडे चिकटपट्टीने आडवे लावले, त्यांतून बांबूच्या काड्या घातल्या आणि काड्यांच्या टोकांना भोक पाडलेली झाकणं बसवली. काडी स्ट्रॉमध्ये मोकळी फिरली पाहिजे, झाकण मात्र काडीवर घट्ट हवं. तेव्हापासून मी प्लॅस्टिक चिकटवत नाही. भोक पाडते, बांधते, ओवते. भोकं पाडायचं काम मोठ्यांचं. पुठ्ठा चिकटवला तर कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवते. एवढा धीर नसेल तर त्या दिवशी चिकटवायचं काम काढूच नये.

"ग्लूगन घ्या, मिनिटात होतं," असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. ग्लूगन म्हणजे डिंकाची कांडी वितळवून सोडणारी विजेची बंदूक. तिच्यातून येणारा डिंक शंभर अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला धरून बसतो. मुलं जवळ असताना मी ती काढत नाही.

थर्माकोलवर स्प्रे रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो. खोक्याचा पुठ्ठा आतल्या नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो. आडवा दुमडायचा तर आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. फिनेल, कीटकनाशक यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी खेळात नकोत.

पुढच्या गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते त्याच्या हाती द्यायचं नाही. बटणं, मणी, झाकणं, सगळं यात आलं. जुन्या खेळण्यातला किंवा गाणाऱ्या शुभेच्छापत्रातला बटणासारखा सेल आधी काढून मुलांपासून दूर ठेवा. गिळला गेला तर तो दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि मुलाच्या हातातली कात्री काढून घेऊन "थांब, मी नीट कापते" म्हणू नका. वाकडं कापलेलं वाकडंच राहू दे. मूल मध्येच उठून गेलं तर मी अर्धवट वस्तू पूर्ण करत नाही, त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवते. चार दिवसांनी ते स्वतःच ती खाली काढतं आणि विचारतं, "याला शेपूट लावू?"