आधारगटाचा परिणाम ईईजीने मोजायचा असेल तर

गोवंडीत किशोरवयीन मुलांसाठी चालणाऱ्या आधारगटांच्या मूल्यमापनात ईईजीची, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूतल्या विद्युत लहरींची, नोंद घेण्याचं काम माझ्याकडे असतं. या मुलांवर आधीच पुष्कळ शिक्के बसलेले असतात. त्यात ‘मेंदूत दोष’ हा आणखी एक नको. त्यामुळे एकेकट्या मुलाचा आलेख पालकांना किंवा शाळेला दाखवू नका. निष्कर्ष गटापुरताच काढा.

तुलनेचा गट नसेल तर मशीन बाहेर काढूच नका. किशोरवयात मेंदूतल्या संथ लहरींची ताकद वयाबरोबर आपोआप कमी होत जाते. मग दिसलेला बदल आधाराचा की वाढत्या वयाचा? प्रतीक्षायादीतली त्याच वयाची मुलं घ्या आणि आधी कोण येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांच्या अभ्यासातही कुटुंबात कोण जाणार हे असंच ठरलं होतं. म्हणून तर पुढे ईईजीत दिसलेल्या फरकाचं श्रेय कुटुंबाला देता आलं.

काय मोजणार ते आधीच लिहून ठेवा. मी दोन दारांचा खेळ घेते: एक दार निवडायचं, जिंकलो की हरलो ते कळतं आणि साधारण पाव सेकंदानंतर लहरीत फरक उमटतो. नैराश्यात हा फरक बऱ्याचदा कमी दिसतो. सोबत प्रश्नावली हवीच, आणि समुपदेशकाची निरीक्षणंही.

आदल्या दिवशी निरोप धाडा: डोक्याला तेल लावू नका. खोबरेल असलं की इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. मुलींना वेण्या सोडाव्या लागतात, तेव्हा आरसा, कंगवा ठेवा. जेल धुवायला पाणी भरून ठेवा. नळाच्या भरवशावर राहू नका. घामाने आलेख डोलतो, म्हणून मे महिना टाळा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. गटाआधी आणि गटानंतर, दोन्ही वेळा नोंद एकाच प्रहरी घ्या आणि रात्री झोप किती झाली ते विचारा.

पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. “ताई, यात माझ्या मनातलं दिसतं का?” हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मी म्हणते, डोळे मिचकाव. पडद्यावर मोठी लाट उठते, तो परत मिचकावतो, आणि मग मी सांगते की यात विचार वाचता येत नाहीत. त्यानंतरही नको म्हणाला, तर इलेक्ट्रोडची टोपी काढा, कारण विचारू नका. कुणी अस्वस्थ झालं तर नोंद तिथेच थांबवून समुपदेशकाला बोलवा आणि घरी जाताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या.